नवऱ्याची यादी

आठवडाभर नवऱ्याचं एकच पालुपद चाललं होतं, ‘काळजी करू नकोस, कॅम्पिंगची यादी केलीये मी.’ प्रत्यक्षात भांडी मी भरली, टॉर्चचे सेल मी आणले, लेकीचे मोजेसुद्धा मीच सोफ्याखालून ओढून काढले. निघताना सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘एकदा यादीवरून नजर फिरवून घ्या रे.’ यादी सापडेना. ‘बहुतेक बॅगेत गेली,’ तो पुटपुटला. ‘कुठल्या बॅगेत?’ मी विचारलं. ‘थांब, यादीत बघून सांगतो.’ मी गाडीत ठासून भरलेल्या सहाच्या सहा बॅगा उतरवल्या आणि हॉलच्या फरशीवर उपड्या केल्या. सहावीच्या तळाशी घडी घातलेला कागद निघाला. वर मोठ्या अक्षरांत होतं, ‘या वेळी सगळं मी भरणार. हिला आराम.’ खाली वस्तू एकच होती, ‘तंबू.’ मी त्या सगळ्या पसाऱ्यावरून नजर फिरवली. तंबू तेवढा नव्हता.