एका जेवणापुरती आई

"डावीकडे म्हणत होते ना मी? मग उजवीकडे कशाला वळलात?" विभानं पाठीवरची सॅक शिंजुकू स्टेशनच्या फरशीवर आदळली.

नवरा गुणवंत नकाशा उलटसुलट करून बघत होता. तासभर दोघं जमिनीखालीच फिरत होती. बाहेर पडायला म्हणे दोनशे वाटा, आणि यांना एक सापडेना! साठी ओलांडल्यावर पाठीला सॅक लावून टोकियो पालथं घालायचं खूळ त्याचंच. दोघंही बँकेतून निवृत्त, मूलबाळ नाही, मग अडवणार कोण?

दोन दिवसांत विभाला या शहराचं एकच कळलं होतं. माणसं ढीगभर, पण आवाज म्हणून नाही. शिबुयाच्या चौकात सिग्नल सुटला आणि हजारभर माणसं समोरून आली, पण एकाचाही धक्का लागला नाही. पुण्यात निदान कुणी "ओ काकू, सरका की" तरी म्हणतं. इथं आपण आहोत की नाही, तेच कळेना.

"काकू, इकडून या."

तिशीचा मुलगा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. "मराठीत भांडण ऐकू आलं, म्हणून थांबलो," म्हणाला आणि गोड हसला.

हा सुशील. त्यानं त्यांना बाहेर काढलं, आणि मग सोडलंच नाही. रोज ऑफिस सुटलं की हजर. दुकानातल्या कुठल्या भाताच्या गोळ्यात मासा नसतो, गाडीत फोनवर का बोलायचं नाही, कचरा घरापर्यंत खिशातच का न्यायचा, सगळं समजावून सांगायचा. विभाची सॅक तर तो तिला उचलूच देईना.

"असा एक आपला असता तर," ती एकदा गुणवंतला म्हणाली. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

शुक्रवारी सुशीलनं चहाचा कप बाजूला सारला. "काकू, एक मागू?"

युकारी नावाची मुलगी होती. लग्नाआधी दोन्ही घरच्यांनी समोरासमोर बसून एकदा जेवायचं, अशी इथली पद्धत. जेवण रविवारी होतं. त्याच्या बाजूनं कुणीच आलं नाही, तर मुलीचे वडील होकार देणार नव्हते.

"आणि तुझी आई?"

"वडील नाहीत. आईनं जपानी मुलगी म्हटल्यावर अंथरूणच धरलं. म्हणाली, मी मेले असं समज." त्यानं कप पुन्हा जवळ ओढला. "तुम्ही आई व्हा. काका काकाच राहतील."

"विभा, हे खोटं आहे," गुणवंत हळूच म्हणाला.

"एका पोराचं लग्न होतंय! तुमचं काय जातंय?"

त्या न पाहिलेल्या बाईचा तिला असा राग आला की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ज्यांना मिळतं, त्यांना किंमत नसते मेल्यांना.

शनिवारी ती नारळासाठी निशी-कसाई नावाच्या भारतीयांच्या वस्तीत गेली. नारळ मिळाला, पण ओटीला खण कुठून आणायचा? दुकानाबाहेरच्या बागेत एक बाई बाकावर बसली होती. सुती पातळ, वर पुरुषी स्वेटर, पायात बूट, हनुवटीवर गोंदण. विभानं तिलाच विचारलं.

"आहे की माझ्याकडं! बसा ताई, आणते."

तिचं नाव सुनीता, गाव कराडजवळचं. लोकांच्या पोळ्या लाटून मुलाला शिकवलं, आता त्यानं तीन महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. "आमचा बाळू रोज आला की आधी पाय चेपतो माझे. उद्या डोंगर दाखवणार होता, पण रविवारचंच हापिस निघालं. असू दे. काम आधी."

खण हिरवा होता, लाल काठाचा. सोबत हळकुंडं, खारका, कुंकवाची पुडी. विभानं तिला सगळी हकिगत सांगितली. नाव तेवढं सांगितलं नाही.

"अशी कशी आई म्हणायची हो ही?" सुनीताबाईंनी कपाळाला हात लावला. "जपानी असू दे, नाहीतर आणि कोण. लेकरू सुखात आहे ना? त्याला म्हणावं, हा खण तुझ्या आईनंच दिलाय असं समज."

रविवारचं जेवण झकास झालं. युकारीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा लहानपणी कसा होता? विभानं बिनदिक्कत सांगितलं, गोवर आला तेव्हा आठ रात्री मांडीवर घेऊन बसले होते. सुशीलनं पापणी न हलवता त्याचं जपानी करून सांगितलं. ओटी भरताना मुलीच्या आईला रडू आवरेना. शेवटी सगळ्यांचा फोटो झाला. बाहेर आल्यावर सुशील वाकून पाया पडला आणि "आई" म्हणाला. विभानं रस्त्यातच डोळ्यांना पदर लावला.

सोमवारी ती मुद्दाम पुन्हा बागेत गेली. आभार तर मानायला हवेत.

"झालं का हो त्या पोराचं?" सुनीताबाई लांबूनच ओरडल्या.

"जमलं! हे बघा." विभानं फोन पुढे केला. "ही सून. हा मुलगा. आणि मधे मी, आई म्हणून."

सुनीताबाईंनी चष्मा लावला. फोन जवळ नेला, लांब नेला. मग स्वेटरच्या बाहीनं काच पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"पोरगी छान आहे," अखेर म्हणाल्या. फोन त्यांनी जपून विभाच्या हातात परत दिला. "ताई, आमच्या बाळूची आई का आली नाही, ते काय म्हणाला तो? परत एकदा सांगा."