जिना उतरण्याचा कार्यक्रम

सुतार हात हलवत परत आला.

"त्या बाईंनी दारच उघडलं नाही," तो म्हणाला. "खिडकीतूनच म्हणाल्या, आम्हाला काम नकोय."

सचिवबाईंनी कपाळाला हात लावला. आर्किटेक्ट संघटनेच्या त्या कार्यालयात येत्या कार्यक्रमांचा फलक लावलेला होता. शाळकरी मुलांची स्पर्धा, जुन्या इमारतींची पायी सफर, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत महिनाअखेरच्या रविवारचा 'आर्किटेक्ट तुमच्या दारी': अडचणीचं एखादं घर सोयीचं करून लोकांना दाखवायचं. मागच्या व्याख्यानाला श्रोत्यांपेक्षा व्यासपीठावरच माणसं जास्त होती. अध्यक्षांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हाही फसला तर लोकांसाठीचे कार्यक्रम बंद. आपण आपापसांत चहा पिऊ."

'तुमच्या दारी'साठी पहिलं घर ठरलं होतं एका निवृत्त बसचालकाचं. पाय गेल्यापासून म्हातारा वरच्या खोलीत पडून होता. जिना इतका उभा आणि अरुंद की त्याला उचलून खाली आणणंही अवघड. फोन त्यानं स्वतःच केला होता. "मला खाली आणा हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला होता.

सचिवबाई स्वतः त्याच्या घरी गेल्या. दार मुलीनं उघडलं. चाळिशीची, केस कसेबसे बांधलेले, हाताला साबणाचा फेस.

"बाबांना झेपणार नाही ते," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मी आहे ना त्यांचं सगळं करायला."

"पण त्यांनाच हवंय."

"त्यांना काय कळतंय!"

शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत सगळं ऐकत होती. मुलगी आत वळताच ती सचिवबाईंच्या कानाशी आली. "नवरा सोडून इथे ठाण मांडून बसलीये. म्हातारा वर अडकलेला बराच की हिला. सगळं घर हातात!"

सचिवबाई तशाच आत शिरून जिना चढल्या. वरच्या खोलीत म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. पाय गेले होते, पण स्टिअरिंग फिरवून कमावलेले हात अजून दणकट होते.

"भांडा, गोड बोला, काय वाट्टेल ते करा," तो म्हणाला. "पण मला या खोलीत मरू देऊ नका. आणि नुसती जिन्यावरून विजेवर सरकत येणारी खुर्ची नको. स्वयंपाकाचा ओटा बसून हात पोचेल इतका खाली घ्या. न्हाणीघराचं दार रुंद करा. बाहेरच्या दाराची कडी माझ्या हाताला लागली पाहिजे. मला कुणाला हाक मारावी लागता कामा नये."

खाली भांडं आदळल्याचा आवाज आला.

"ऐकतेय ती," म्हातारा कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले.

सचिवबाई खाली उतरल्या तेव्हा त्यांचा निश्चय झाला होता. कार्यक्रम गेला चुलीत, या माणसाला सोडवायचंच.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सुताराला घेऊन दारात उभ्या राहिल्या. काम सुरू झालं, पण मुलगी पावलोपावली आडवी येत राहिली. कधी विजेचं मुख्य बटण बंद करायची, कधी गवंड्याला म्हणायची, बाबांना ताप आहे, उद्या या. ताप वगैरे काही नसायचा. एका दुपारी ती कार्यालयातच येऊन उभी राहिली.

"काम थांबवा. पाया पडते तुमच्या."

"कारण सांगा."

"बाबा खाली आले तर... मी कुठे जाऊ?"

अखेर पोटातलं ओठांवर आलं, सचिवबाईंना वाटलं. "तो तुमचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या आणि समोरच्या नकाशावर वाकल्या. मुलगी निघून गेली.

ठरल्या रविवारी घर माणसांनी भरून गेलं. सभासद आले, शेजारपाजारचे आले, जिन्याच्या तोंडाशी उभं राहायलाही जागा उरली नाही. अध्यक्षांनी पुढच्या सगळ्या कार्यक्रमांची जाहिरात करून घेतली. मग वरून खर्रर आवाज आला.

"शेवटचा थांबा!" म्हातारा खुर्चीतून ओरडला. "सगळ्यांनी उतरून घ्या!"

हशा पिकला, टाळ्या पडल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात दाबून.

म्हातारा हातांच्या जोरावर चाकांच्या खुर्चीत सरकला. न्हाणीघरात जाऊन आला. बाहेरच्या दाराची कडी काढली, परत लावली. मग ओट्याशी जाऊन गॅस पेटवला आणि चहा टाकला. चहा उतू गेला. मुलगी धावली.

"हात लावू नकोस!" तो गरजला.

त्यानंच गॅस पुसला, चहा गाळला, कपभर प्यायला. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सचिवबाईंना तिची जरासुद्धा दया आली नाही.

मग त्यानं त्यांना जवळ बोलावलं. "माझ्या खाटेखाली एक बॅग आहे. ती आणा. आणि बाहेर गाडी आलीय का, तेही बघा."

सचिवबाईंच्या लक्षात आलं. म्हातारा घर सोडून निघाला होता. या मुलीच्या तावडीतून सुटायला त्यानं एवढा खटाटोप केला होता.

गाडी खरंच आली होती. आत एक माणूस मान खाली घालून बसला होता. सचिवबाईंनी वरून बॅग आणली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, नको ना," मुलगी पांढरीफटक पडली.

म्हाताऱ्यानं खुर्ची तिच्यापर्यंत नेली आणि बॅग तिच्या हातात दिली.

"जावईबापू गाडीत थांबलेत," तो म्हणाला. "आठ दिवसांचं माहेरपण म्हणून ही बॅग घेऊन आली होतीस, पोरी. माझे पाय गेले आणि इथेच अडकलीस. आता मला तुझी गरज नाही. घरी जा."