पॉइंटच्या पुढचं

शेजारच्या सपनाची दीड महिन्याची पोर पुरून माणसं आत्ताच परतली होती. कुणाच्याच पायाची माती अजून वाळली नव्हती, आणि हा प्रशील अंगणवाडीतला वजनकाटा पुढ्यात घेऊन स्क्रू काढत बसला होता. केसरबाईंना नातवाची ही तऱ्हा बघवेना.

"काय करी राह्यना रे?"

"दुरुस्त करतोय, आजी."

काटा त्यानंच बनवला होता, धुळ्याला कॉलेजात शिकताना. केसरबाईंनी तो गावभर मिरवला होता. दर सोमवारी तान्ही लेकरं त्यावर ठेवायची. ठेवलं की आकडा हजर.

"चिप स्वस्तातली आहे," तो मान वर न करता म्हणाला. "पूर्ण आकडा झटकन काढते, दशांश आला की रेंगाळते. बाया खोळंबायच्या, पोरं रडायची. म्हणून पॉइंटच्या पुढचं सगळं मी कापून टाकलं."

"म्हंजे?"

"पहिल्यांदा सपनाची पोर दोन पॉइंट नऊ किलो असेल. मग दोन पॉइंट सहा, मग दोन पॉइंट तीन. काट्यावर नुसते दोनच. या सोमवारी एक दिसला, तोवर..." त्याचा पेचकस थांबला. "ग्रॅममध्ये मोजलं असतं तर तेही पूर्णच आकडे होते, आजी. तितकेच झटकन आले असते. सुचलंच नाही."

केसरबाई भिंतीला टेकल्या. दुसरीतच शाळा सुटलेली बाई. पण सासूनं चुलीपुढं घोकून घेतलेले पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे अजून तोंडपाठ. निम्मं गाव त्यांच्याच हातून न्हायलेलं. तिसऱ्या आठवड्यात सपनाच्या पोरीला तेल लावताना मांडीची कातडी बोटांत सैल आली होती. सपना म्हणालीही होती, "अक्का, पोर हलकी लागस ना?"

तेव्हा केसरबाईंनीच तिला झापलं होतं. "मना नातूना काटापेक्षा तुले जास्ती समजस का?"

भिंतीपलीकडून सपनाचं रडणं आलं. प्रशीलनं पुन्हा पेचकस लावला.

केसरबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे तसाच. अर्धं पाप तुनं, अर्धं मनं. जोख याच काटावर. तुले शून्य, मले बी शून्य."