बारावी गाठ

बयनाबाईनं आदिलाबादच्या वकिलांपुढं सुताचा दोरा ठेवला. पाडव्याच्या दिवशी दिरानं तिचं वावर बळकावलं, तेव्हापासून दर पाडव्याला ती दोऱ्यात गाठ मारत होती. "अकरा झाल्या, बारावा पाडवा उद्या हाय. बारा वर्साच्या आत दावा टाका म्हणले होते तुमी. घरातच मिटंल म्हून थांबली, पन मुदतीत आली." तिनं जपलेला त्या दिवशीच्या तक्रारीचा कागद वकिलांनी उलगडला: वीस मार्च सत्त्याहत्तर. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. आज सहा एप्रिल एकोणनव्वद. "कोर्ट पाडवा धरत नाही, बाई. इंग्रजी तारीख धरतं. मुदत संपून सतरा दिवस झाले." "काऊन? गाठी मोजा." "मागच्या साली धोंड्याचा महिना आला, पाडवा पुढं गेला." तिची बोटं दोऱ्यावर थांबली. "त्या महिन्यात तर मी या वावरासाठीच रोज देवापुढं दिवा लावला, साहेब."