शनिवारची तोंडी परीक्षा

पंजाबातल्या मोग्याच्या हरलीन मॅडम इंग्रजीचा क्लास चालवायच्या. किरणदीप त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, तिला नर्स व्हायचं होतं, पण तिचा बाप तिला क्लासमधून काढायला निघाला होता.

"नर्स होऊन कोणाचं भलं होणार, मॅडमजी? पोरीच्या जातीनं रोट्याच थापायच्या!"

त्याच्या बोलण्याची मॅडमना किळस आली. तरी हात जोडून त्यांनी त्याला शनिवारच्या तोंडी परीक्षेला बोलावलं.

बाप आला, सोबत एक वयस्कर जोडपंही घेऊन आला. मॅडम एकेक शब्द सांगू लागल्या आणि किरणदीप त्या शब्दाची जात.

"वॉटर?"

"नाम."

"स्लोली?"

"क्रियाविशेषण."

"अवघड विचारा की, बहेनजी!" मागून त्या जोडप्यातल्या बाई ओरडल्या. मॅडमनी अवघड विचारलं. पोर कुठेच अडली नाही.

बाप उठला. "शिकू दे हिला. आता मी आडवा येणार नाही."

मॅडमनी मनोमन वाहेगुरूंचे आभार मानले. त्या बाईंनी तर पुढे होऊन मॅडमना तुपातली गोड पिन्नी भरवली.

"छान तयार केलीत हो! आमचा लाडका लेक दहावीलाच आपटला, पण हिनं इंग्रजीची परीक्षा काढली की हिचा नवरा म्हणून हिच्या व्हिसावर तोही कॅनडाला जाईल. आधीची मुलगी कच्ची निघाली, म्हणून तर साखरपुडा मोडून ही बघितली."

 

अन्नाचा कणही कधी न टाकणाऱ्या मॅडमनी तोंडातली पिन्नी खिडकीबाहेर थुंकली.