अर्थिंगचा घोळ

मोरेश्वरने प्रीॲम्पचं, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या डब्याचं, बटण टेपवर फिरवलं आणि बायकोच्या, कुमुदच्या गाण्याआधी तीच मेली घूंघूं खोलीभर पसरली. बटण रेडिओवर नेलं की घूंघूं बंद. रेकॉर्डप्लेअरवर नेलं तरी बंद. टेपवर आणलं की पुन्हा आपली हजर.

घशाच्या ऑपरेशनमध्ये कुमुदचा आवाज कायमचा गेला होता. तिच्या गाण्याची ही एकच कॅसेट घरात होती, आणि दर खेपेला वाजवताना ती आणखी झिजत होती. "अर्थिंगचाच घोळ आहे," तो तिसऱ्या दिवशीही पुटपुटत होता. सगळ्या अर्थच्या तारा एका स्क्रूखाली आणून झाल्या, टेपची तार तोडून पुन्हा जोडून झाली. शेजारी बसलेल्या कुमुदने पाटीवर लिहिलं, ‘टेप थांबवून बघा.’

चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, पण एवढं साधं त्याला सुचलं नव्हतं. त्याने कॅसेट थांबवली. बटण टेपवरच होतं, पण घूंघूं गेली होती. म्हणजे ती कॅसेटमध्येच भरलेली होती. आता कुठलीही तार हलवून ती निघणार नव्हती.

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. कुमुदनेच कॅसेट पुन्हा सुरू केली आणि या वेळी पुढे चालू दिली. घूंघूंमधून तिचा विशीतला आवाज आला, "अहो, आधी हा आवाज घालवा ना."

त्यावर त्याचाच तरणा, उतावीळ आवाज म्हणाला, "असू दे गं. चांगलं नंतर कधीही भरता येईल. तू गा."