वेगळी इमारत

"कॉलेज तर चांगलं असेल ना, बेटा?" दिगंबर इंगळ्यांनी पुन्हा विचारलं.

रेवतीने प्रश्नसंच मिटला. चीनमधून डॉक्टरकीची पदवी घेऊन ती भोपाळला परतली होती. पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय ती पदवी कामाची नव्हती, आणि परीक्षा काही सुटत नव्हती. त्यात दर उन्हाळ्यात कुणीतरी ओळखीचं आपली मुलगी घेऊन शिवाजी नगरच्या या क्वार्टरमध्ये चौकशीला यायचं. इंगळे मंडीदीपला एका कारखान्यात सुपरवायझर होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला, श्रुतीला, इथल्या सरकारी मेडिकलला सीट मिळाली नव्हती.

"चांगलंच आहे हो," रेवतीच्या आईने, मालतीबाईंनी, परस्पर सांगून टाकलं. "नुसती लायब्ररीच केवढी मोठी!"

"कॉलेज चांगलं होतं, काका," रेवती म्हणाली. "तिथली मुलं अख्ख्या देशाची परीक्षा देऊन येतात. त्या दिवसांत घरात कुणी टीव्हीसुद्धा लावत नाही म्हणे."

"आणि तुम्हाला?" श्रुतीने विचारलं.

"आम्हाला प्रवेश देताना फार काही विचारलं नाही."

"म्हणजे टेन्शनच नाही!" इंगळे हसले.

"ती मुलं चिनी भाषेत शिकायची. आमचा परदेशी मुलांचा वर्ग इंग्रजीत, वेगळ्या इमारतीत. सर स्लाइड वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. कॉलेजचं नाव दोघांचं एकच."

"पण दीदी, पेशंटशी कशात बोलायचं?"

"चिनी शिकवली होती थोडी. वॉर्डात एका आजींनी माझा हात धरला आणि त्या बोलतच राहिल्या. त्यांच्या गावची बोली. मला एक शब्द कळेना. तिथली एक विद्यार्थिनी आली, तेव्हा त्यांनी माझा हात सोडून तिचा धरला."

मालतीबाई कपबश्या उचलू लागल्या. जरा जास्तच आवाज करत.

इंगळ्यांनी रुमालाने मान पुसली. "मी चीनची अ‍ॅडमिशन करून देणाऱ्या एजंटला हो म्हणून बसलोय. पाठवू की नको, तेवढं सांग."

"तिला इथलीच प्रवेश परीक्षा अजून एकदा देऊ द्या, काका."

इंगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. श्रुती म्हणाली, "बाबा, मी देते ना एक बार और." ते मान हलवत उठले आणि बस चुकेल म्हणत जिना उतरू लागले.

"घरी आलेल्या माणसांना असं सांगतात का गं?" मालतीबाई आतून म्हणाल्या.

श्रुती दारात सँडल घालत थांबली. "दीदी, इतक्या वर्षांत तुम्हाला एकही क्लास नीट नाही समजला?"

रेवती दाराला टेकली.

"एक समजला. अ‍ॅनाटॉमीचा पहिला. टेबलावर कुणीतरी दान केलेला देह होता. दोन्ही इमारतींतली मुलं त्या दिवशी एकत्र होती. सगळे भोवती उभे राहिलो, वाकून नमस्कार केला. सरसुद्धा वाकले. कुणीच काही बोललं नाही."